जाड तार

अंथुर्ण्यात कुणाच्या दारात मांडव पडायचा असला की आधी दत्तोबा उस्तादाची तारीख बघायची आणि मग भटजीला मुहूर्त विचारायचा, असा एक काळ होता. पुढं डीजे आले, भिंतीएवढे स्पीकर आले, तरी दत्तोबाची बेंजो पार्टी टिकून राहिली ती त्याच्या कानामुळं. पार्टीत एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. सूर लावणार तो उस्ताद. बेंजोची तार असो नाहीतर ढोलकीची वादी, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. दत्तोबा कान टेकवणार, डोळे मिटणार, खुंटी पिळणार आणि "हं" म्हणणार. त्या "हं"नंतर विषय संपला.

असा हा माणूस डिसेंबरातल्या एका मंगळवारी गोठ्यामागं पोत्यावर बसून फोनमधल्या एका नागपूरच्या पोराकडून गिटार शिकत होता. वय छप्पन्न. समोर भेंडीचं अठरा गुंठे रान तोडणीला आलेलं, म्हैस दावं ओढून ओरडतेय, आणि उस्ताद मांडीवर गिटार आडवं धरून बसलेले. फोनमधलं पोरगं केस बांधून हसतमुखानं सांगत होतं, "एकदम नवीन असाल तरी घाबरू नका. रिफ म्हणजे चार-पाच सुरांचा तुकडा, पुन्हा पुन्हा वाजवायचा. पाच दिवसांत येतो."

"म्हंजे मुखडा," दत्तोबा फोनला म्हणाला. "आमाला काय शिकवतो."

पाच दिवस हा शब्द मात्र त्यानं पकडून ठेवला, कारण त्याच्याकडं नेमके तेवढेच होते. सकाळीच बायकोनं, अनितानं, चहाची कपबशी ठेवता ठेवता सांगितलं होतं की ऋषीला हैदराबादच्या कंपनीत घेतलंय. रविवारी अकराच्या बसनं बारामतीहून पुणं आणि तिथनं रेल्वे. "दोन वरीस तरी येत न्हाय म्हनला," एवढं बोलून ती पदर तोंडाला लावून चुलीकडं वळली.

ऋषिराज म्हणजे त्यांचा एकुलता एक. बावीस वर्षांचा, आयटीआय झालेला. आठ महिन्यांपासून बारामतीत मित्राच्या खोलीवर राहत होता आणि आठ महिन्यांत बापाशी एक अक्षर बोलला नव्हता. आईला रोज फोन यायचा. बापाचा नंबर त्यानं बंद करून ठेवला होता. दत्तोबानं दोनदा खोलीवर चक्कर मारली, दोन्ही वेळा पोरगं मागच्या दारानं निघून गेलं. घरात उरलं होतं ते त्याचं गिटार, चैत्रातल्या जत्रेपासून खिळ्याला टांगलेलं.

त्या जत्रेतच सगळं घडलं. गावच्या स्टेजवर पोरांचे कार्यक्रम होते आणि ऋषी सहा महिने ज्याच्यावर बोटं घासत होता तो इंग्रजी बाजाचा तुकडा वाजवणार होता. पाहुणे म्हणून खुर्चीवर दत्तोबा. पोरानं वाजवायला सुरुवात केली आणि पहिल्याच ठोक्याला दत्तोबाच्या दाढा आंबल्या. बेसूर. साधं-सुधं नव्हे, एखाद्याला मुद्दाम करूनही जमणार नाही इतकं बेसूर. पोरगं थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा तेच. मागच्या पोरांनी शिट्ट्या घातल्या, कुणीतरी चप्पल वर धरली. दत्तोबाला वाटलं आता आपली अब्रू चालली. त्यानं उठून पोराच्या पुढ्यातला माइक घेतला आणि चार गावच्या माणसांना हसत सांगितलं, "मंडळी, माफ करा. ह्या कानाच्या पोटी बहिरं जन्माला आलं!"

अख्खी जत्रा हसली. दत्तोबाही हसला. ऋषी खाली उतरला आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरून निघून गेला. नाव मात्र गावात राहिलं. 'बहिरा ऋषी' म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवायचं.

आता तुम्ही म्हणाल, मग बापानं सरळ माफी मागायची. मागायची की. पण दत्तोबाच्या मते तो चुकलाच नव्हता. थोडं जास्त बोललो, एवढंच त्याचं म्हणणं. बेसूर ते बेसूरच. तरी पोरगं हातचं चाललं होतं आणि माणूस आतून सुकत चालला होता. जेवताना घास फिरायचा. सुपारीला गेला तरी नवरदेवाच्या जागी पोराचं तोंड दिसायचं. मंगळवारी चहा तसाच टाकून त्यानं खिळ्यावरचं गिटार काढलं. डोक्यात एकच होतं. त्याचा तो तुकडा आपण शिकायचा, त्याच्यासमोर बसून वाजवायचा. बघ, तुझ्या वाद्याला मी हात लावला, आता तू माझ्याशी बोल. ह्यापलीकडं त्याला दुसरा रस्ता सुचत नव्हता.

गिटारावरची धूळ पुसून त्यानं वरच्या दोन तारा छेडल्या. आठ महिन्यांत सगळ्याच तारा जरा खाली आल्या होत्या, पण एकमेकींशी नातं तेच. जाड तारेला सा धरला तर पुढची पंचम देत होती. खणखणीत. "बघ," तो अनिताला म्हणाला, "लावलेलं कसं टिकलंय."

लावलेलं म्हणजे त्यानंच. जत्रेच्या दिवशी दुपारी पोरगं इस्त्रीचा शर्ट आणायला गेलं होतं तेव्हा दत्तोबानं सहज गिटार हातात घेतलं आणि बघतो तर जाड तार सा तर पुढची मध्यम! बेंजो पहिल्यापासून सा आणि पंचमावर लागतो. पोराला तेवढंही कळेना म्हणून बापाला दया आली. त्यानं डोळे मिटून जाड तार एक सूर उतरवली, पंचम जुळवला, "हं" म्हणाला आणि गिटार होतं तसं ठेवून दिलं. सांगायचंसुद्धा त्याच्या ध्यानात आलं नाही. पार्टीतल्या कुणाला तो कधी सांगत होता? सूर लावणं हे त्याचं कामच होतं.

मंगळवार आणि बुधवार नुसती बोटं दुखण्यात गेले. बेंजोला बटणं असतात, तार बोटाला लागत नाही. इथं पोलादी तार थेट कातड्यात घुसायची. खुरपं धरून घट्टे पडलेला तळवा होता, पण बोटांची टोकं लेकराची निघाली. बुधवारी संध्याकाळी दोन बोटं फुटली. अनितानं हळद दाबली आणि चिंधी बांधली.

"कशापायी जिवाचे हाल करताय?" ती म्हणाली. "तोंडानं दोन शब्द बोला की त्याच्याशी."

"त्यो तोंड दाखवतोय का? आन् काय बोलू? बेसूर हुतं त्ये सुरात हुतं म्हनू?"

तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. दत्तोबाला ते दिसलं, पण त्याचं लक्ष बोटांत होतं.

गुरुवारी खुली तार, दांडीवरचं तिसरं घर, पाचवं घर अशी चाल त्याच्या हातात बसली. सा, कोमल ग, मध्यम. कानाला लगेच ओळख पटली, पोरगं सहा महिने माळ्यावर हेच घोटत होतं. उस्ताद खूश झाला. दोन तास भेंडीसुद्धा तोडली. शुक्रवारी फोनमधल्या पोरानं पुढचा धडा उघडला. आता एक तार नाही, दोन तारा एकदम. जाड तारेवर पहिलं बोट, पुढच्या तारेवर दोन घरं पुढं तिसरं बोट. "बघा किती भरदार वाजतं," असं म्हणून त्यानं वाजवलं आणि खरोखर पखवाजावर थाप पडावी तसं वाजलं.

दत्तोबानं बोटं तशीच ठेवली, वाजवलं आणि त्याच्या दाढा आंबल्या.

बोटं उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा तेच. चिंधी सोडून फेकली, घरं मोजली, फोन उलटा केला, सुलटा केला. बोटं बरोबर होती. आवाज घाण येत होता. शुक्रवारचा दिवस त्यानं ह्या एका जागी घालवला. शनिवारी सकाळीही तेच. जेवायला उठला नाही. म्हशीला पाणी दाखवलं नाही. रविवार उद्यावर आला होता आणि सोप्यातला सोपा म्हणून जो तुकडा लहान पोरं शिकतात तो ह्याला, पस्तीस वर्षं मांडव गाजवलेल्या माणसाला, येईना. एकदा तर त्यानं गिटार पोत्यावर आपटायला उचललं. मग पोराच्या हाताचा तेलकट डाग दिसला, लाकडाच्या कडेला, आणि त्यानं ते छातीशी धरलं.

शेवटी हरलेल्या माणसानं करावं ते त्यानं केलं. पहिल्यापासून धडा लावला. पहिल्या धड्याची सुरुवात त्यानं मंगळवारी बोटानं पुढं सरकवली होती, कारण फोनमधलं पोरगं सांगत होतं, "आधी गिटार सुरात लावून घ्या," आणि हे दत्तोबा उस्तादाला सांगायची गरज नव्हती. आता त्यानं ते ऐकलं. पोरगं एकेक तार छेडून दाखवत होतं. जाड तार. मग पुढची. दत्तोबानं डोळे मिटले. सा. मग मध्यम.

मध्यम.

त्यानं पुन्हा लावलं. मध्यमच. जगातली सगळी गिटारं अशीच लागत होती. दोन घरं पुढं बोट ठेवलं की त्या मध्यमाचा पंचम व्हायचा, म्हणून ते भरदार वाजायचं. आणि ह्याच्या गिटारावर तार आधीच पंचमावर. दोन घरं पुढं गेलं की धैवत. सा आणि धैवत एकदम. तोच घाण आवाज. जत्रेत स्टेजवर नेमका हाच वाजला होता. ह्या कानांनी तो तेव्हाच अचूक टिपला होता, फक्त तो कुणाचा हे ओळखलं नव्हतं.

"अगं ए," त्यानं हाक मारली. पुन्हा मारली.

अनिता पिठाच्या हातानं आली. नवऱ्याचं तोंड बघून तिला कळलं. ती समोर मातीत बसली.

"तुला ठावं हुतं?"

"जत्रंवरनं आला आन् त्यानं एकदाच तारा वाजवून बघितल्या. मला इचारलं, तात्यांनी गिटार हातात घेतलं हुतं का. म्या म्हनलं, व्हय, दुपारी लावून ठिवलंय की." तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. "लई येळ बसून ऱ्हायला. मग गळ्याची शपथ घातली. म्हनला, आई, लगनसराई तोंडावर हाय. उस्तादानं सूर बिघडवला असं गावात झालं तर पार्टीला कोन इचारनार? त्यास्नी न्हाय सांगायचं. पर मला हितं ऱ्हावत न्हाय."

बहिरा म्हणवून घेऊन पोरानं बापाचे कान राखले होते, आणि बाप आठ महिने त्याला जरा जास्त बोललो म्हणून स्वतःला माफ करत बसला होता. त्यानं पोत्यावर तोंड दाबलं आणि मोठ्यानं रडला. म्हैस ओरडायची थांबली.

अनितानं तिच्या फोनवरून ऋषीला लावला. त्यानं उचलला. दत्तोबानं फोन ओढून घेतला आणि "ऋषी, बाळा" म्हणाला. फोन कट झाला. पुन्हा लावला, लागेना.

त्या दिवशी त्यानं जाड तार वर चढवली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याच्या सुराला सूर लावला, फोनमधल्या त्या केस बांधलेल्या पोराच्या. दिवस मावळेपर्यंत तुकडा हातात बसला. चार ठोके बरे, पाचवा अडखळत.

रविवारी सकाळी एसटी आलीच नाही. कारखान्याच्या फाट्यावर उसाची ट्रॉली कलंडली होती आणि दोन्ही बाजूंनी रांग लागली होती. साडेनऊ झाले तेव्हा दत्तोबा ढोलकीवाल्या दादासोच्या दारात उभा राहिला, पाठीला गिटार, पायात एकच मोजा. दादासोनं काही न विचारता मोटरसायकल काढली. ट्रॉल्यांच्या कडेनं, चारीच्या बांधावरून, धुरळ्यातून गाडी हाणत असताना दत्तोबानं त्याच्या कानात सगळं सांगितलं.

"पोराला सांगा की उस्ताद, पर गावात बोलू नका," दादासो ओरडला. "उस्तादाला सूर लावता येत न्हाय म्हनल्यावर सुपारी कोन देनार?"

"त्यानंबी ह्येच म्हनलं हुतं," दत्तोबा म्हणाला. "तू गाडी हाण."

बारामतीच्या स्टँडवर पोचले तेव्हा अकराला सात मिनिटं होती. पुण्याची गाडी फलाटाला लागली होती, गच्च भरलेली. दत्तोबा माणसं सारत आत शिरला. मागून तिसऱ्या सीटवर खिडकीशी ऋषी बसला होता, मांडीवर पिशवी. दाढी वाढली होती. बापाला बघितलं, गिटार बघितलं आणि त्यानं तोंड खिडकीकडं फिरवलं.

दत्तोबा बाकांमधल्या वाटेत उभा राहिला. सगळं पाठ करून आला होता. पण पोराच्या मानेवरची ताणलेली शीर दिसली आणि सगळं विसरला. बायाबापड्या बघायला लागल्या. वाजवायला म्हणून गिटार पुढं घेतलं तर ते एका म्हातारीच्या टोपलीला अडकलं.

"आजोबा, तिकीट न्हाय तर खाली उतरा," कंडक्टर म्हणाला. "टायम झालाय."

"ऋषी," एवढंच कसंबसं आलं. पोरगं हललं नाही. कंडक्टरनं दंडाला धरून त्याला खाली उतरवलं.

फलाटावर उभा राहून दत्तोबा चारी बाजूंनी बघायला लागला आणि तेवढ्यात डोक्यावरच्या भोंग्यातून आवाज आला की इंदापूरकडं जाणारी गाडी उशिरा सुटेल. त्यानं वर बघितलं. आणि पळत सुटला. जे माइकवर बोललं गेलं ते दुसरीकडं कुठं परत घेता येणार नव्हतं, हे त्याला तिथं, त्या भोंग्याखाली कळलं.

कंट्रोलरच्या खिडकीत त्यानं अर्धं अंग घातलं. "सायेब, माइक द्या. माजं पोरगं हरवलंय."

"किती वर्षांचं?"

"बावीस."

कंट्रोलर बघतच राहिला. मग त्याची नजर त्या फुटलेल्या बोटांवर गेली, त्यातून पुन्हा रक्त यायला लागलं होतं. काय वाटलं त्याला कुणास ठाऊक, त्यानं दार उघडलं आणि माइक पुढं केला. "एक मिनिट. लवकर."

"मंडळी," दत्तोबा म्हणाला आणि स्टँडभर तो आवाज घुमला. "मी अंथुर्ण्याचा दत्तोबा, बेंजोवाला. चैत्रातल्या जत्रंत माजा पोरगा ऋषिराज बेसूर वाजला. त्यो बेसूर नव्हता. त्याच्या गिटाराची तार म्या उतरवली हुती, त्याला न सांगता. त्याला कळलं, तरी त्यानं माजं नाव घेतलं न्हाय. म्या चार गावाम्होरं त्याला बहिरा म्हनलं. बहिरा मी हाय. मंडळी, ज्यास्नी ज्यास्नी आमचं गाव ठावं हाय त्यास्नी सांगा, बहिरा दत्तोबा हाय."

मिनिट संपायच्या आत त्यानं गिटार माइकला लावलं आणि तो तुकडा वाजवायला घेतला. भोंग्यातला आवाज समोरच्या इमारतीवर आदळून उशिरा परत येत होता. गाड्यांची घरघर, कंडक्टरांची ओरड. आपलं वाजवलेलं आपल्यालाच ऐकू येईना. त्या दिवशी स्टेजवर पोराला असंच झालं असेल. चार ठोके आले, पाचवा अडखळला. त्यानं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. कुणी हसलं, कुणी फोन वर धरला. त्यानं हसू दिलं.

माइक परत देऊन तो बाहेर आला तेव्हा फलाट रिकामा होता. पुण्याची गाडी गेली होती.

दादासो लांब उभा होता, जवळ यायचं त्याला धाडस झालं नाही. दत्तोबा बाकावर बसला. गिटार मांडीवर. आता पोरगं पाटसच्या रस्त्याला लागलं असेल. मग पुणं. मग दोन वर्षं. ऐकलं की नाही, तेसुद्धा कळायला मार्ग नव्हता. घरी जाऊन अनिताला काय सांगायचं, ह्याचा विचार करायचीही ताकद उरली नव्हती.

किती वेळ गेला कोण जाणे. खिशातला फोन वाजला. अनिता असणार म्हणून त्यानं न बघताच कानाला लावला.

पलीकडं गाडीचा आवाज होता. मग कुणीतरी घसा खाकरला.

"तात्या."

दत्तोबानं डोळे मिटले.

"गाडीवरनं आणलं व्हय गिटार?" ऋषी म्हणाला. "हादऱ्यानं जाड तार उतरलीय. जरा चढवा."

दत्तोबानं फोन कान आणि खांद्यामध्ये दाबला, खुंटी चाचपली आणि पिळली. तार छेडली.

"आता?" त्यानं विचारलं.

"आजून थोडी."

त्यानं आणखी पिळली. "आता?"

पलीकडं गाडीनं हॉर्न दिला. पोरगं ऐकत होतं. बाप वाट बघत बसला.

"हं," ऋषी म्हणाला.